आईचे गुडघे आणि मारुतीचा जिना

2025 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जुन्या गाडीचा क्लच पुन्हा गेला. गॅरेजवाल्याने बॉनेट लावलं आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, आता हिच्यावर खर्च करू नका." तेरा वर्षं वापरलेली गाडी. वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं नव्हतं.

कंपनी कोणती घ्यायची यावर घरात फार वाद झाला नाही. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पुण्याहून महिन्यातून एकदा तरी फेरी होते. गावच्या स्टँडजवळच्या गॅरेजमध्ये मारुतीचे पार्ट डोळे झाकून मिळतात, बाकीच्यांचे 'मागवावे लागतील'. तेवढ्यावर मारुती ठरली. मला वाटलं, अर्धं काम झालं. प्रत्यक्षात काम तिथून पुढे सुरू झालं.

मारुतीची दुकानंच मुळात दोन. एरिना आणि नेक्सा. स्विफ्ट, डिझायर, वॅगन आर, ब्रेझा, अर्टिगा एरिनात. बलेनो, फ्रॉन्क्स, ग्रँड व्हिटारा, एक्सएल सिक्स नेक्सात. एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून बघाव्या म्हटलं, तर दोन शोरूमना दोन चकरा. शिवाय व्हेरियंटची, म्हणजे एकाच गाडीच्या स्वस्त-महाग प्रकारांची, नावं वेगळी. एरिनात एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस. नेक्सात सिग्मा, डेल्टा, झेटा, अल्फा. माझा मेहुणा पहिल्या दिवसापासून सांगत होता, "दाजी, डेल्टा घ्या, डेल्टा." मला वाटलं डेल्टा नावाची नवीन गाडी आली.

मी एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यांत गाड्या, आडव्या ओळींत लांबी, डिकी, इंजिन, मायलेज, एअरबॅग, किंमत. आठवडाभर रात्री जेवणानंतर तेच. बायको म्हणाली, "पोराच्या दहावीला एवढा बसला नव्हतास."

ते टेबल 3 सप्टेंबरला रद्दी झालं. जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला आणि 22 सप्टेंबरपासून दर बदलणार हे ठरलं. आधी मला वाटलं, सगळ्यांच्याच किमती उतरणार, मग तुलना तीच राहील, फक्त आकडे कमी होतील. तसं नव्हतं. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, अशा गाडीवरचा कर सेस (वरचा जादा कर) धरून 29 टक्क्यांवरून 18 वर आला. ब्रेझाही चार मीटरच्या आतच बसते, पण तिचं इंजिन 1462 सीसीचं. त्यामुळे ती 45 वरून फक्त 40 वर आली. म्हणजे माझ्या यादीत ब्रेझा आणि फ्रॉन्क्स ऑगस्टमध्ये जेवढ्या जवळ होत्या, सप्टेंबरच्या शेवटी तेवढ्या राहिल्या नाहीत. नवीन यादीत सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीच्या, अशा होत्या: वॅगन आर 4.99 लाख, स्विफ्ट 5.79, बलेनो 5.99, डिझायर 6.26, फ्रॉन्क्स 6.85, ब्रेझा 8.26. ब्रेझा माझ्या मनात भरली होती, खोटं कशाला बोलू. पण कराचे पैसे गाडीत बसून दिसत नाहीत, म्हणून तिच्यावर काट मारली.

या 'सुरुवातीच्या किमती' जाहिरातीत छापायला असतात, घ्यायला नव्हे. माझ्या डोक्यात हे उशिरा शिरलं. आमची एक अट पक्की होती: गाडी ऑटोमॅटिक हवी. रोज सिंहगड रोडवरून ऑफिसला बायको जाते, तिचा डावा गुडघा क्लचने पुरता वैतागलाय. आता एलएक्सआय किंवा सिग्मा, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, ऑटोमॅटिकमध्ये येतच नाही. त्यामुळे एक पायरी आपोआप वर. त्यावर ऑटोमॅटिकचे साधारण पन्नास हजारांच्या आतबाहेर वेगळे. जाहिरातीतला आकडा आणि तुमच्या हातातला आकडा यांत तिथेच दीड लाखाच्या आसपास अंतर पडतं, आणि अजून आरटीओचं नावही निघालेलं नसतं.

आणि हा जिना सरळही नाही. फ्रॉन्क्समध्ये झेटा आणि अल्फा हव्या असतील तर टर्बो इंजिनच घ्यावं लागतं. साधं 1.2 इंजिन डेल्टा आणि तिच्या प्लसवाल्या भावंडांपर्यंतच. टर्बोबरोबर येणारा सहा गिअरचा ऑटोमॅटिक खरंच लोण्यासारखा चालतो, मी चालवून पाहिला, आणि किंमत ऐकून शांतपणे खाली उतरलो. सीएनजी हवी असेल तर ऑटोमॅटिक विसरा. गाडीच्या चारही बाजू दाखवणारा 360 कॅमेरा हवा असेल तर बलेनोत अल्फापर्यंत, डिझायरमध्ये झेडएक्सआय प्लसपर्यंत चढा. आपल्याला हवी असलेली एक गोष्ट नेहमी अशा पायरीवर ठेवलेली असते, जिथे नको असलेल्या पाच गोष्टींचेही पैसे मोजावे लागतात. एकदा हे कळल्यावर मी एक्सेलमधले मॉडेलचे रकाने काढून टाकले आणि व्हेरियंटचे टाकले. गाड्यांची नव्हे, पायऱ्यांची तुलना. स्विफ्ट झेडएक्सआय, बलेनो डेल्टा, फ्रॉन्क्स डेल्टा, डिझायर व्हीएक्सआय, वॅगन आर झेडएक्सआय, सगळ्या ऑटोमॅटिक. पाच रकाने. डोकं एकदम हलकं झालं.

सीएनजीचा हिशेब मात्र मी आधीच करून ठेवला होता, कारण मेहुण्याने तो विषय सोडलाच नसता. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, सीएनजीला जुलै 2025 पासून 8 टक्के. सीएनजी गाडी नव्वदेक हजारांनी महाग, टॅक्समध्ये पंधरा-वीस हजार वाचतात, किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपये वाचतात. बरोबरी व्हायला तीसेक हजार किलोमीटर. आमचं वर्षाचं चालणं आठ हजार. चार वर्षं सीएनजीच्या रांगेत उभं राहून बरोबरीत यायचं, आणि डिकीत टाकी. मेहुणा म्हणाला, "रिसेलला कळेल." कळू दे.

आता इंजिनाचं. वॅगन आरचं 1.2, बलेनो आणि फ्रॉन्क्स या तिन्हींत एकच चार सिलिंडरचं इंजिन आहे, 1197 सीसी, ताकद नव्वदच्या आसपास पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). शोरूममध्ये तिन्हींची ओळख तीन वेगळ्या स्वभावाच्या गाड्या म्हणून होते. बॉनेटखाली सख्खी भावंडं. नवीन स्विफ्ट आणि डिझायर यांत तीन सिलिंडरचं झेड सिरीज इंजिन, तेही 1197 सीसीच, पण 82 पीएस. ताकद कमी, मायलेज जास्त: बलेनो ऑटोमॅटिकचा कागदावरचा आकडा लिटरला 22.94 किलोमीटर, डिझायर ऑटोमॅटिकचा 25.71. कागदावरच्या आकड्याचे मी सत्तर टक्के धरतो. तीन सिलिंडरची थरथर जाणवते का? सिग्नलला उभं असताना, एसी चालू असेल तर, हो, सीटच्या पाठीला किंचित. बायकोला नाही जाणवली. मलाही कुणीतरी सांगितल्यावरच जाणवली, असं ती म्हणते.

या गाड्यांतलं ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. चांदणी चौकाच्या चढावर टेस्ट ड्राइव्ह घेतली, तेव्हा पहिल्याचा दुसरा पडताना मान पुढे जाऊन मागे आली. सोबतचा मुलगा म्हणाला, "सर, गिअर पडताना ॲक्सिलरेटर थोडा सोडा." बायकोने सोडला. पुढचा चढ गुळगुळीत. तिला दोन सिग्नलांत जमलं, मला अजून जमत नाही.

खरी परीक्षा आईची होती. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे आखडलेले, ऑपरेशनला ठाम नकार. मी तिला सगळीकडे घेऊन गेलो. वॅगन आरमध्ये ती खुर्चीवर बसावी तशी बसली, उतरतानाही दाराला धरावं लागलं नाही. "हीच घे की," म्हणाली. फ्रॉन्क्सही चालली, तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, 190 मिलिमीटर, त्यामुळे बसण्याची जागा उंच. डिझायरमध्ये मात्र एक पाय आत टाकून खाली जाताना तिने "अगं आई गं" म्हटलं आणि सेल्समनचा चेहरा उतरला.

वॅगन आर तिथल्या तिथे घेऊन टाकली असती. घरी येऊन क्रॅश टेस्टचे निकाल वाचले. 2023 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेने वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एक तारा दिला होता आणि सांगाडा अस्थिर म्हटला होता. ती दोन एअरबॅगची गाडी होती, आता सहा येतात, हे मान्य. पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. बलेनोला भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीत, चार तारे मिळाले आणि डिझायरला ग्लोबल एनकॅपमध्ये पाच, लहान मुलांसाठी चार. गावात फिरायला गाडी हवी असती तर मी एवढा विचार केला नसता. आमची गाडी महिन्यातून एकदा हायवेवर असते, खंबाटकीच्या घाटात आजूबाजूला उसाचे ट्रक आणि कंटेनर. मागच्या सीटवर आई.

मग ज्यांचे तारे वाचले होते, त्या दोघींतच ठरवायचं: डिझायर की बलेनो. गंमत म्हणजे डिझायर 3995 मिलिमीटर, बलेनो 3990. पार्किंगला पाच मिलिमीटरचा फरक! डिकी डिझायरची 382 लिटर, बलेनोची 318. गावाहून येताना तांदळाचं पोतं, नारळ, आईची औषधांची पिशवी आणि तिची ती स्टीलची खुर्ची, जिच्याशिवाय ती बाथरूमला जात नाही. खुर्ची घरून नेली. बलेनोत आडवी केली तर बसली, पण मग पोतं कुठे? डिझायरमध्ये खुर्ची घालूनही जागा उरली. सेल्समनने फोटो काढला. डिकीत खुर्ची घेऊन येणारं गिऱ्हाईक पहिलंच असावं.

पोरगा नाराज. "बाबा, ही भाड्याची गाडी वाटते. सगळे एसयूव्ही घेतायत." त्याचं खोटं नाही, डिझायर म्हटलं की एअरपोर्टच्या रांगा आठवतात. पण हजारोंनी टॅक्सीवाले जी गाडी घेतात, ती निदान खर्चाला हलकी असणार, असा मी अर्थ काढला. त्याने कंपनीने दिलेला सनरूफ मागितला. तो झेडएक्सआय प्लसलाच. विषय संपला.

राहिले गुडघे. तो प्रश्न आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सोडवला. एक पाय आत टाकून बसायचंच नाही. गाडीकडे पाठ करायची, सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. उतरताना उलट. सरकायला सोपं जावं म्हणून सीटवर गुळगुळीत कापड. आईने घरी पलंगावर चार दिवस सराव केला. पुढच्या खेपेला शोरूममध्ये ती अशी वळून बसली, की दार धरायला पुढे आलेला मुलगा तसाच उभा राहिला.

व्हीएक्सआय की झेडएक्सआय, यात साधारण लाखभराचा फरक. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) दोन्हींत आहेतच, म्हणून व्हीएक्सआय. ऑटोमॅटिक धरून एक्स-शोरूम आठ लाखांच्या आत, रोड टॅक्स आणि विमा मिळून नऊच्या घरात. कोटेशनमध्ये ॲक्सेसरीजचं एक पॅकेज होतं, ते खोडलं. मॅट तेवढी ठेवली. विम्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: जुन्या गाडीवर पाच वर्षं क्लेम नव्हता, त्यामुळे माझा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 50 टक्के होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून पत्र घेतलं आणि नवीन पॉलिसीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर तो वळता झाला. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांची भरावीच लागते, तिथे सूट नाही. पण हप्ता पाहून मला एक्सेलवरचे सगळे कष्ट वसूल झाल्यासारखे वाटले.

पाडव्याला, 22 ऑक्टोबरला डिलिव्हरी. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन सोडून दुपारी मी यार्डात होतो. धूळ खात उभ्या गाड्यांमध्ये आमचा चेसिस नंबर शोधला. ओडोमीटर पाहिलं, काचांवरचे शिक्के एकसारखे आहेत का पाहिलं, मग गुडघ्यावर बसून टायर वाचले. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चारही टायरवर 3425. 2025 चा चौतिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध. मी एक्सेलमध्ये डोकं घालून बसलो होतो तेव्हा हे टायर तयार होत होते. स्टेपनीही वाचली, ती दोन आठवडे जुनी निघाली. चालायचंच.

पाडव्याला शोरूममध्ये जत्रा. आमच्या आधी अकरा गाड्या, प्रत्येकीला हार, नारळ, फोटो. आमचा नंबर आला तेव्हा दीड वाजला होता. चावी बायकोच्या हातात दिली. आई गाडीकडे पाठ करून उभी राहिली, टेकली, पाय उचलले, वळली. पोराने दार लावलं.

"मागे जागा बरीच आहे रे," आई म्हणाली. "खुर्ची आणलीस ना?"