मॉर्फिनच्या शोधात बर्डी पालथी
आज नागपुरात, कॅन्सर झालेल्या मावशीच्या मॉर्फिनसाठी (दुखणं कमी करणारं कडक औषध) मेडिकल चौकापासून बर्डीपर्यंत, म्हणजे सीताबर्डीपर्यंत, औषधांची दुकानं पालथी घातली. ‘आम्ही ठेवत नाही जी.’ एकाने तर चिठ्ठीपेक्षा माझ्याच तोंडाकडे जास्त पाहिलं. शेवटी मान्यता असलेल्या एका दवाखान्यात मिळालं. नाव, पत्ता, रजिस्टरवर सही, सगळं. त्याचा राग नाही. नशेच्या गोळ्यांपायी वाया गेलेली पोरं आमच्याही गल्लीत आहेत. पण एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा १९८५ चा, त्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती दुखणाईतांना हे औषध सहज मिळावं म्हणूनही ना? आणि ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं ती तर शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्यानं पिकते! कॅन्सर हाडांत गेलेल्या बाईला कसलं व्यसन लागणार, बाप्पा? नागपुरात कुणाला मॉर्फिन लागलंच तर दुकानं फिरू नका, थेट पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरला गाठा.