तुम्ही विचारलंत म्हणून: टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पाईपचं काय करायचं?

खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, सेन्सर एकेक करून दगा देतात, आणि रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणी ना कोणी वैतागून इंजेक्शनची जुनी गाडी कार्बोरेटरवर आणतो. (आरटीओचं आधी मिटवा, तो विषय वेगळा.) पंपाचं सगळ्यांच्या लक्षात असतं: इंजेक्शनचा पंप ४० पीएसआयच्या आसपास मारतो, कार्बोरेटरला ३-४ पुरतात. मग प्रश्न येतो तो ठरलेला: "टॅपेट कव्हरचा हा पाईप उरलाय, बूच मारू का?"

मारू नका. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायू खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. वाट बंद केली की दाब वाढतो आणि क्रँकचं ऑईल सील गळायला लागतं. पाईप नुसता खाली सोडला तर दाब सुटतो, पण ओढ राहत नाही; पाण्याची वाफ आतच रेंगाळते. आषाढात नुसती बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचं ऑईलचं झाकण उघडून बघा. आतून पिवळट, सायीसारखा थर धरलेला असतो. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर हेड गॅस्केट गेलं समजून लगेच हेड खोलायला जाऊ नका, बऱ्याचदा ती वाफच असते.

तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व (चेंबरमधला वायू मापात ओढून परत इंजिनात जाळायला सोडणारा) ठेवा. त्याचा पाईप थ्रॉटलच्या खाली, मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या) मध्यावर जोडा. जवळ पडतं म्हणून एकाच सिलेंडरच्या वाटेवर जोडलात तर तेवढंच सिलेंडर लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) गाडी मिसिंग मारते. दुसऱ्या बाजूने एअर फिल्टरमधून स्वच्छ हवा यायला हवीच. आणि पाण्याची नळी वापरू नका, ऑईलने मऊ पडून ती चपटी होते.

खरी मेख ट्यूनिंगमध्ये आहे. पीसीव्ही ही मापात ठेवलेली हवेची गळती. इंजेक्शन होतं तेव्हा ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जुळवून घ्यायचा. कार्बोरेटरला ते जमत नाही. म्हणून मिक्श्चरचा स्क्रू पाईप जोडूनच लावायचा. व्हॉल्वही त्याच इंजिनाचा घ्या: आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू) व्हॅक्यूम जास्त असताना तो आवळतो, थ्रॉटल दिला की मोकळा होतो, आणि हे माप प्रत्येक इंजिनाचं निराळं.

झालं की एअर फिल्टरकडचा पाईप चिमटीत धरा, ऑईलच्या तोंडावर कागद ठेवा. आयडलला तो हलकासा ओढला गेला पाहिजे. उडाला तर व्हॉल्व चोंदलाय, नाहीतर रिंगा गेल्यात. आणि रिंगा गेल्या असतील तर आधी इंजिन खोला, कार्बोरेटर मग बघू.