काठीला वारस कोण?

परमुलखात गेलेल्यांच्या मंडळांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर गणपती, हळदीकुंकू आणि दिवाळी पहाट उभी राहते. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन शहरात फिलिपिनो शेतमजुरांनी उभारलेल्या संस्थांविषयी सध्या वाचतो आहे. त्यांची सुरुवात उत्सवापासून झालेली नाही, आणि मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरकराला ती कथा अगदी घरची वाटते.

१९२० आणि १९३० च्या दशकांत फिलिपिन्समधील हजारो तरुण या भागात ॲस्परॅगसच्या काढणीसाठी आले. त्यांत स्त्रिया जेमतेम होत्या, गोऱ्या स्त्रीशी लग्न करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याची १९४८ पर्यंत बंदी होती, आणि १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्समधून वर्षाला फक्त पन्नास माणसांना अमेरिकेत येऊन स्थायिक होता येईल असे ठरले. परिणामी ही पिढी बहुतांशी अविवाहितच म्हातारी झाली. थोरल्या भावाला म्हणतात तसे त्यांना ‘मनाँग’ म्हणत. जानेवारी १९३० मध्ये तर त्यांच्या एका संघटनेची स्टॉकटनमधील इमारत सुरुंगाने उडवण्यात आली. अशा माणसांनी संघटना बांधली ती आजाऱ्याला मदत मिळावी, मेलेल्याला चार खांदेकरी मिळावेत आणि हंगाम संपल्यावर पाठ टेकायला जागा असावी म्हणून. ‘लेजिओनारिओस देल त्राबाहो’ या बंधुसंघाच्या दागुहोय लॉजच्या, म्हणजे शाखेच्या, इमारतीच्या तळघरात या मजुरांच्या ट्रंका कित्येक दशके पडून होत्या. त्यांत कपडे होते, पत्रे होती, छायाचित्रे होती. मालक परतले नाहीत, पण लॉजने ट्रंका फेकल्या नाहीत. आज इतिहासकारांना त्यांचे मोल कळते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना जो आधार दिला, त्याचेही मर्म हेच होते: आधी छप्पर आणि भाकरी, मग बाकीचे.

या मनाँगांपैकी काही जणांच्या हातात एस्क्रिमा ही काठीची विद्या होती. वेताची सुमारे दीड हात लांबीची काठी, वाराच्या दिशांना दिलेले क्रमांक, आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी भिडून केलेला बचाव. आपल्या लाठीला मोकळे मैदान लागते, ही काठी मात्र खोलीच्या कोपऱ्यातही चालते. शिकवणे आपसांतच चाले, परक्यासमोर हात दाखवायचा नाही अशी रीत होती. शिकवायला घरात पोरगाच नसल्यामुळे ही विद्या मनाँगांबरोबर चितेवर जाणार हे उघड होते. १९६६ मध्ये एस्क्रिमाचे शिक्षक आंगेल काबालेस यांनी स्टॉकटनमध्ये सर्वांसाठी खुला आखाडा काढला. परजातीच्या पोरांना विद्या देणे काही जुन्या मंडळींना रुचले नाही, पण आज ही पद्धत टिकून आहे ती बऱ्याच अंशी त्या बाहेरच्या पोरांमुळेच. फिलिपिन्समध्ये या खेळाला राष्ट्रीय क्रीडा म्हणून कायद्याची मान्यता मिळायला २००९ साल उजाडले.

पुढे महामार्गासाठी स्टॉकटनमधील फिलिपिनो वस्तीचा मोठा भाग पाडला गेला, आणि उरलेल्या थोड्या इमारती वाचवण्यासाठी १९९९ मध्ये ‘लिटल मनिला फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली, मनाँगांनंतरच्या पिढ्यांच्या पुढाकाराने. फिलिपिनो मंडळांतून बांबूंच्या मधून उड्या मारण्याचे तिनिकलिंग नृत्य आजही बसवले जाते. ते देखणे असते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही माझ्या मते ज्या शिक्षकाने सायंकाळी नेमाने आखाड्याचे दार उघडले, त्याचे काम स्नेहसंमेलनापेक्षा कितीतरी मोठे आहे.

हे सारे वाचताना आपल्या पेठांतल्या तालमी आठवल्यावाचून राहत नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, त्याचा आनंद आहेच. परंतु शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवायला पुढे येणारी पोरे एरवी सरावाला किती येतात, हे कोणत्याही वस्तादांना विचारावे. दुसरीकडे शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत बिहार-ओडिशाचे कामगार वर्षानुवर्षे राबत आहेत, त्यांची मुले इथल्या शाळांत शिकून आपल्यासारखीच मराठी बोलू लागली आहेत, आणि आखाड्यात मात्र ती दिसत नाहीत. त्यांना कोणी अडवले आहे असे नाही, पण कोणी बोलावलेलेही नाही.

आमच्या वस्तादांपुढे मी काबालेस यांची सगळी हकिकत मांडली आणि विचारले, “वस्ताद, त्या पोरांना घ्यायचं का?” ते फरी-गदक्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पाचला उठून येत असंल तर कुणाचं बी पोरगं चालतंय. पर तू नुस्तं बोलत बसू नगंस, जाऊन सांग त्यांच्या बापास्नी.” येत्या रविवारी शिरोलीला जायचे ठरले आहे.