तिरीप

दुपारी चारच्या सुमाराला खिडकीतून एक तिरीप आत येते आणि थेट मॉनिटरवर येऊन बसते. हिशेबाच्या शीटमधले दोन रकाने पांढुरके होतात, आकडे दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी खिडकीची चौकट उभी राहते. मग ठरलेले सोपस्कार सुरू होतात. आधी मान तिरकी. मग खुर्ची चार बोटं डावीकडे. मग स्क्रीन जराशी पुढे वाकवायची. मग एक हात कपाळाला (नशिबाला बोल लावायला नव्हे, सावलीसाठी) आणि दुसरा माउसवर. एवढं करूनही भागलं नाही की ब्राइटनेस शंभरावर. उठून पडदा ओढण्याचा विचार सगळ्यांत शेवटी सुचतो, कारण त्यात ‘उठून’ हा शब्द आहे.

स्क्रीनवर नेमकं काय पडतंय हे बघायचं असेल तर ती बंद करावी. बंद स्क्रीन म्हणजे काळा आरसा. आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीसारखं पोक काढून बसावं आणि त्या आरशात काय काय दिसतं ते मोजावं: खिडकी, डोक्यावरची ट्यूब, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि सगळ्यांत ठळक, आपणच, तेही पांढऱ्या शर्टात. पांढऱ्या शर्टावर कुणी संशय घेत नाही, पण हिशेब करून बघा. गुळगुळीत काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चांगल्या उजेडातल्या शर्टाची दीप्ती (डोळ्याला दिसणारा उजळपणा, त्याचं माप निट्स) १०० निट्स धरली तर स्क्रीनवर त्याचं ४ निट्सचं भूत उभं राहतं. आता २०० निट्सवर लावलेला, १००० : १ कॉन्ट्रास्टचा (पांढरा काळ्याच्या हजार पट उजळ) मॉनिटर घ्या. त्याचा पांढरा २०० आणि काळा ०.२. पांढऱ्या पानावर शर्टाचं भूत पडलं तर २०० चे २०४ होतात, कुणाला पत्ता लागत नाही. काळ्यावर पडलं तर ते त्या काळ्याच्या वीस पट उजळ! म्हणून भर उजेडात डार्क मोड (काळ्यावर पांढरी अक्षरं) लावून ‘डोळ्यांना आराम’ म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्यांनी स्वतःच्या छातीवर अक्षरं छापून घेतलेली असतात आणि दिवसभर ती वाचत बसलेले असतात.

ही भुतं अडवायला स्क्रीनपुढे लावतात तो फिल्टर, आणि फिल्टर म्हटलं की एका पिढीच्या डोळ्यांसमोर येते ती मॉनिटरच्या कपाळावर अडकवलेली काळपट काच. मॉनिटर तेव्हा काचेच्या मोठ्या नळीचा, पुढून फुगीर आणि मागून लांब नाकाचा असे. ती काच वर दोन आकड्यांनी टांगलेली आणि कोपऱ्यातून एक बारीक वायर निघून मागे सीपीयूच्या डब्याच्या स्क्रूपर्यंत गेलेली. ती अर्थिंगची वायर. काचेवर विजेचं वहन करणारा पातळ थर असे, त्यात साचलेला स्थिर विद्युतभार तिने खाली उतरवायचा. निम्म्या ठिकाणी वायर नुसतीच लोंबत असे, कारण ती कशासाठी आहे हे सांगणारा कागद खोक्याबरोबर गेलेला. अशा न जोडलेल्या किंवा फिल्टरच नसलेल्या स्क्रीनजवळ हात नेला की केस ताठ उभे राहायचे, बारीक चरचर ऐकू यायची, आणि बोट फिरवलं की धुळीत रेघ उमटायची. त्या धुळीत आपलं नाव लिहिणं हे लहान मुलांचं संगणकाशी पहिलं संभाषण. रॅम वगैरे पुढची गोष्ट.

ती काच काम करायची ते एका साध्या गणितावर. समजा ती ३० टक्केच प्रकाश आरपार सोडते. स्क्रीनमधून येणाऱ्या अक्षराला ती एकदाच ओलांडावी लागते, म्हणजे त्याचे उरतात ३० टक्के. खोलीतल्या उजेडाला मात्र दोनदा ओलांडावी लागते: एकदा आत जाताना, आणि नळीच्या आतल्या फिकट फॉस्फरवर (चित्र उजळवणाऱ्या थरावर) आपटून एकदा बाहेर येताना. तीसचे तीस टक्के म्हणजे नऊ. जकात दोघांनाही, पण परक्याला जाता-येता. अक्षर मंद होतं, तरी भोवतीची पांढुरकी धूसर त्याहून जास्त मंद होते आणि अक्षर उठून दिसतं. हे गणित इतकं पटणारं होतं की पुढे नळीच्या काचाच गडद रंगाच्या येऊ लागल्या.

बिघडायचं ते याच्या पुढे. स्क्रीन काळवंडली म्हणून लोक ब्राइटनेस वाढवत. नळीत ब्राइटनेस वाढवला की इलेक्ट्रॉनच्या झोताचा ठिपका फुगतो, अक्षरं जाड आणि मऊ होतात आणि डोळा ती फोकस करायला धडपडत राहतो. शिवाय काचेवर परावर्तनविरोधी कोटिंग नसेल तर तिचे स्वतःचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग, म्हणजे आणखी प्रतिबिंबांची भर. एका ट्यूबच्या तीन ट्यूब दिसत. नायलॉनच्या काळ्या जाळीचेही फिल्टर असत. चकाकी त्यांनी खरोखर जायची, पण जाळीचे धागे आणि स्क्रीनचे ठिपके मिळून लाटांची नक्षी उठायची, आणि सहा महिन्यांत धूळ अशी भरायची की जाळी कुठली आणि धूळ कुठली ते सांगता येऊ नये.

आणि ‘अँटी-रेडिएशन’ ही खोक्यावरची मोठी अक्षरं! नळीतले सौम्य क्ष-किरण अडवायचं काम नळीची जाड काच स्वतःच करत असे, त्यासाठीच तिच्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं असे जड घटक घातलेले असत. मॉनिटरशेजारी निवडुंगाची कुंडी ठेवायची टूमही त्याच काळातली. निवडुंगाने किरण शोषले की नाही कोण जाणे, टोचला मात्र नक्की.

आता नळी गेली, सपाट एलसीडी आली आणि फिल्टरचं गणितच फिरलं. एलसीडीच्या आत आधीच ध्रुवक पट्ट्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) असतात, बाहेरून शिरलेला निम्म्याहून अधिक प्रकाश त्या गिळून टाकतात. म्हणजे परक्याकडून जकात घेणारा नाकेदार आतच बसलेला. चकाकी येते ती बहुतांशी सगळ्यांत पुढच्या पृष्ठभागावरून. त्याच्यापुढे जुन्या पद्धतीची काळपट काच टांगली तर अक्षरं मंद होतात, आणि मधली हवेची फट नवीन परावर्तनं आणते. ती काच स्वतःच साधी, रेषीय ध्रुवक असेल तर आणखी मजा: एलसीडीतून येणारा प्रकाश मुळात एकाच दिशेने ध्रुवित असतो, काच नको त्या कोनात आली की स्क्रीन जवळजवळ काळी. जुन्या खोक्यातून काढलेला फिल्टर नव्या मॉनिटरला लावून ‘मॉनिटर गेला’ म्हणायच्या आधी काच नव्वद अंशांत फिरवून बघावी.

आता लावायची ती चिकटणारी फिल्म, आणि तिच्या दोन जाती. मॅट फिल्म परावर्तन कमी करत नाही, पसरवते. ट्यूबची धारदार रेघ जाऊन तिथे सौम्य डाग येतो. डोक्यावरच्या एका दिव्यासाठी हे उत्तम. पण समोर अख्खी खिडकी असेल तर मॅट फिल्म त्या खिडकीचं धुकं करून साऱ्या स्क्रीनभर पसरते. शिवाय तिचे सूक्ष्म उंचवटे पिक्सेलांवर भिंगासारखे बसतात आणि पांढऱ्या पानावर रवाळ चमचम दिसू लागते. स्क्रीन जितकी बारीक पिक्सेलांची तितका रवा जास्त. दुसरी जात परावर्तनविरोधी कोटिंगची. १०० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा थर, त्याच्या वरून आणि खालून फिरलेल्या लाटा एकमेकींना खोडतात. एका थराने ४ टक्क्यांचे दीड टक्क्याच्या आत येतात, अनेक थरांनी अर्ध्या टक्क्यापर्यंत. उरलेलं प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट दिसतं, तीच तिची ओळख. हिचा शत्रू एकच, बोट. तेलकट ठसा पडला की तेवढ्याच जागी थराचं काम बिघडतं आणि ठसा साध्या काचेपेक्षा ठळक दिसतो. ‘हे बघ, इथे चुकलंय’ म्हणत स्क्रीनला बोट लावणाऱ्या सहकाऱ्यांसाठी टेबलावर पेन्सिल ठेवावी, खोडरबराच्या बाजूने दाखवायला.

माप घेताना इंचांवर विसंबू नये. चोवीस इंच म्हणजे कर्ण. १६ : ९ च्या स्क्रीनची दिसणारी जागा ५३१ बाय २९९ मिलिमीटर, १६ : १० ची ५१७ बाय ३२३. एकीची फिल्म दुसरीवर बसत नाही. चौकटीच्या आतून पट्टीने रुंदी आणि उंची मोजावी, फिल्म दोन्हीकडून एखादा मिलिमीटर लहान असावी, नाहीतर कडेला चौकटीवर चढते आणि तिथूनच सुटते.

लावायची आंघोळीनंतरच्या दमट न्हाणीघरात, असं सांगितलं तर लोक हसतात, पण वाफेने धूळ खाली बसते, ते खरं आहे. मॉनिटर तिथे नेणं जमणार नसेल तर निदान पंखा बंद करावा. स्क्रीन बंद करून गार होऊ द्यावी. मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलं करावं. पाणी कापडावर घ्यायचं, स्क्रीनवर फवारायचं नाही, ते ओघळून खालच्या चौकटीत शिरतं आणि मग उभ्या रेघा कायमच्या. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव कोटिंग खातो, त्याला हात लावू नये. उरलेले तंतू चिकटपट्टीने टिपून घ्यावेत. मागचा कागद वरून दोन बोटंच सोलायचा, वरची कड जुळवायची, मग एका हाताने कागद खाली ओढत दुसऱ्या हाताने मऊ कार्ड मधून कडांकडे फिरवायचं. नुसत्या हवेचे बारीक फुगे दोन दिवसांत आपोआप जातात. ज्याच्या पोटात धुळीचा कण आहे तो फुगा जन्मभर राहतो आणि नेमका नजरेच्या मध्यावर राहतो. तेव्हा जवळचा कोपरा उचलून कण चिकटपट्टीने टिपायचा, नखाने नाही.

राहिला स्क्रीनमधला निळा प्रकाश, डोळ्यांना त्रास देतो म्हणतात तो. पिवळट काचेचे चष्मे आणि पिवळट फिल्म हा सध्याचा निवडुंग. आभाळाची दीप्ती काही हजार निट्स, मॉनिटरची अडीच-तीनशे. त्या आभाळाखाली आपण बिनदिक्कत फिरतो. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण अल्प मुदतीत बहुधा कमी होत नाही, असं त्यात निघालं. रात्री स्क्रीनची छटा ६५०० केल्विनवरून (निळसर पांढरी) ३४०० पर्यंत (पिवळट) उतरवली तर बल्बच्या उजेडातल्या खोलीत ती कमी बोचते हे खरं, पण ते सेटिंग मॉनिटरच्या पोटात फुकट आहे. त्यासाठी पिवळी फिल्म लावणं म्हणजे आजार रेड्याला, औषध पखालीला.

डोळे चुरचुरतात ते बऱ्याचदा कोरडेपणाने. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सातवर येते, आणि तीही पुरती मिटत नाही. ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच’ हा वाक्प्रचार मॉनिटरसमोर बसणाऱ्याने वापरू नये, मधे फार वेळ जातो. स्क्रीन उंचावर असेल तर डोळा जास्त उघडा, जास्त उघडा तर जास्त कोरडा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर हातभर, एवढं बस्स. चाळिशीनंतर बायफोकलवाले हनुवटी वर करून खालच्या काचेतून स्क्रीन बघतात आणि मानदुखीसाठी उशी बदलतात. वाचायची काच ४० सेंटिमीटरसाठी, स्क्रीन ६५ वर. तिथे वेगळ्या नंबराचा चष्मा लागतो, फिल्म नव्हे.

एका जागी मात्र काळपट फिल्मची बाजू घ्यावीशी वाटते. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करताना प्रकाश कमी करतच नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. पारखायचं असेल तर अंधारात ब्राइटनेस वीसवर आणून पांढऱ्या पानापुढे पेन्सिल झपाट्याने हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिलींचा पंखा दिसला तर लुकलुक आहे. असे बरेच मॉनिटर शंभरावर लुकलुकत नाहीत. त्यांना शंभरावरच ठेवून पुढे गडद फिल्म लावली तर मंद आणि स्थिर, दोन्ही मिळतं. किती मंद, ते ठरवायला साधा पांढरा कागद स्क्रीनच्या कडेला धरावा. स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी पेटलेली दिसली तर जास्त, कागदापुढे मळकी दिसली तर कमी.

आणि टेबल खिडकीला काटकोनात फिरवता आलं तर यातलं निम्मं लागतच नाही. छायाचित्रं सुधारणारे लोक स्क्रीनच्या वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर रुंदीचे काळे पुठ्ठे चिकटवतात, आतून मखमल. दिसायला घोड्याच्या झापडासारखं, पण एकही पिक्सेल मंद न करता बाजूचा उजेड अडवणारं.

पावणेपाचला तिरीप मॉनिटरवरून खाली उतरते, कीबोर्डवरून घसरत टेबलाच्या कडेला जाते आणि नाहीशी होते. रकाने परत दिसू लागतात, आकडे जागच्या जागी. कपाळावरचा हात खाली येतो. ब्राइटनेस मात्र शंभरावरच राहिलेला असतो, तो रात्री दहापर्यंत तिथेच.