आमची वाटचाल : सी ड्राइव्हची राखण

गोव्यात फोंड्याच्या मार्केटमागे, एका लहानशा गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली तेव्हा विंडोज एक्सपीचे दिवस होते. बिलं आणि फोन बायको बघायची, मशीनं मी. काम बहुतेक एकच, फॉरमॅट. मग विंडोज, ड्रायव्हर, टॅली, मराठी फॉन्ट, प्रिंटर असं सगळं परत घालायचं. एका मशीनला अख्खा दिवस जायचा आणि तोवर गिऱ्हाईक हातानं बिलं फाडायचं.

नॉर्टन घोस्ट हे डिस्कची नक्कल काढणारं सॉफ्टवेअर हाती आलं आणि दिवसाचं काम अर्ध्या तासावर आलं. सीडीवरून मशीन चालू करायचं, सी ड्राइव्हची, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात विंडोज असतं त्याची, इमेज (हुबेहूब नक्कल) बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि गरज पडली की तीच परत उतरवायची. घोस्ट डिस्कचा भरलेला भागच उचलायचं, म्हणून ४० जीबीच्या डिस्कवरची सिस्टम दोन-तीन जीबीच्या इमेजमध्ये मावायची. आम्हाला वाटलं, आता आपलं दुकान चाललं.

मग उसगावचं ते ऑफिस. खनिजाच्या ट्रकांचा हिशेब, खेपांच्या चिठ्ठ्या, डिझेल, ड्रायव्हरांची उचल, सगळं डी ड्राइव्हवर. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग, म्हणजे पार्टिशन, बरोबर अर्धे-अर्धे. घोस्टच्या यादीत सी, डी अशी अक्षरं नसतात, नुसते क्रमांक आणि आकार. दोन्ही ओळींत आकार तोच, पार्टिशनांना नावं दिलेली नव्हती. रात्री साडेनऊला मी दुसरी ओळ निवडली आणि सीची इमेज डीवर उतरली. मालक शेजारीच उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आतां कितें करप?"

पुसलेल्यापैकी थोडं सॉफ्टवेअरनं परत काढलं, पण जिथे इमेज लिहिली गेली तिथलं काही मिळालं नाही. कागदी चिठ्ठ्यांची पोती आम्ही घरी आणली. बायको वाचायची, मी टाइप करायचो. आठ रात्री लागल्या. त्या दिवसापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पार्टिशनला नाव असतं, 'सिस्टम' आणि 'डेटा', आणि दोघांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवतो.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि उसगाव-साखळीकडचं आमचं जवळजवळ सगळं काम गेलं. ती दोन वर्षं कठीण होती. पुढे औषधांची दुकानं, देवस्थानांची ऑफिसं, काजूचे कारखाने अशी नवी गिऱ्हाइकं जोडत गेलो.

त्याच सुमारास यूईएफआयची, म्हणजे नव्या पद्धतीनं चालू होणारी, मशीनं आली. एकदा सीची इमेज नव्या डिस्कवर नीट उतरली, फायली सगळ्या जागेवर, पण मशीन चालूच होईना. विंडोजला उठवणारी फाईल सीमध्ये नव्हतीच. ती असते ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये, बहुधा १०० एमबीच्या, ज्याला अक्षर नसल्यामुळे ते सहसा दिसतही नाही. नवं ईएफआय पार्टिशन करून, ती फाईल त्यात परत घालणाऱ्या विंडोजच्याच बीसीडीबूट कमांडनं काम भागवलं. आता आम्ही अख्ख्या डिस्कचीच इमेज घेतो, क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं. ते मोफत आहे आणि मन लावून वापरलं तर भक्कम आहे. फक्त मोठ्या डिस्कची इमेज ते सहजी लहान एसएसडीवर उतरवत नाही. आधी सी आकसून घ्यावा लागतो. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का हे आधी बघतो आणि ते उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून मालकाच्या हातात देतो.

इमेज घेतली म्हणून आम्ही पैसे घेत नाही. मशीनची मूळ डिस्क काढतो, कोरी डिस्क लावतो, इमेज तिच्यावर उतरवतो, टॅली उघडून एक बिल छापतो, मगच बिल करतो. दोन्ही डिस्का एकदम लावून मशीन चालू करत नाही, कारण दोघींची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक, एकच असते आणि विंडोज त्यातली एक बाजूला टाकतं. या तपासणीला तास-दीड तास जातो. काहींना तो वाया गेल्यासारखा वाटतो. अशांचं काम आम्ही घेत नाही. पडताळलेल्या डिस्कवर तारखेचं लेबल लावतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार संपला, तेव्हापासून हेच काम सगळ्यात जास्त आहे. ११ घालण्याआधी इमेज, आणि ज्यात ११ चालत नाही त्याचीही.

एका काजू कारखान्यात वजनकाट्याचं मशीन मात्र अजून एक्सपीवर आहे. त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारे आता धंद्यात नाहीत, म्हणून ते नेटपासून तोडून ठेवलंय आणि त्याची इमेज तीन ठिकाणी ठेवलीय. पहिल्या पावसात वीज सारखी ये-जा करत होती, त्यात त्याची डिस्क गेली. मुनीमकाकांचा फोन आला तेव्हा बियांनी भरलेला ट्रक काट्यावर उभा होता. लेबल लावलेली डिस्क आणि एक कोरी घेऊन मुलगा स्कूटरवर गेला. जेवणाच्या सुट्टीआधी ट्रकाचं वजन पडद्यावर आलं, पावती छापली गेली, आणि त्यानं लेबलवर त्या दिवसाची तारीख घातली.