तुम्ही विचारलंत म्हणून: डोळे मिटून स्विंग कशाला?

गोल्फ शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "सर, डोळे मिटून क्लब फिरवायला का लावता? चेंडू पाहूनच मारायचा ना?"

पाहूनच मारायचा. पण त्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे काठीच्या टोकाची चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे वळलाय हे कोणालाच दिसत नाही. वरून चेंडूपर्यंत यायला क्लबला साधारण पाव सेकंद लागतो, आणि फेस चेंडूला टेकलेला असतो तो सेकंदाचा जेमतेम 2000वा भाग. तेवढ्यात बघून काय दुरुस्त करणार? चेंडू निघतो मुख्यतः फेसच्या दिशेने, आणि फेसची खबर असते हातांना.

म्हणून मी सांगतो: डोळे मिट, क्लब सावकाश कमरेपर्यंत ने, थांब. आता बोल, फेस उघडा, बंद की बरोबर? (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस चेंडूला लागताना लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला असेल तर उघडा, डावीकडे असेल तर बंद.) मग बघ. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस डाव्या हाताच्या पाठीबरोबर वळतो, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं. लाइट गेली तरी घरातला हात नेमका मेणबत्तीच्या कप्प्याकडे जातो ना, तीच ही जाणीव. स्नायू आणि सांधे ती मेंदूला सतत पुरवत असतात. शिकवताना माझा सगळ्यात जास्त जीव कशात असेल, तर यात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा तर याची फार गरज पडते. तळहाताला घाम येतो, क्लब निसटेल म्हणून मूठ आवळली जाते. मूठ आवळली की कोपर, खांदा सगळं ताठतं. मनगटं मोकळी फिरत नाहीत, फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. अशा वेळी मी मुलाचा स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ढब, बदलत नाही. आधी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची जागा, कोरडी पुसायला लावतो आणि विचारतो, डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत पकड जाणवते का? खांदे सैल आहेत का?

जाणीव फसवतेही, हे खरं. क्लब अर्ध्यावर थांबवला असं वाटतं आणि तो डोक्यामागे गेलेला असतो. म्हणून अधूनमधून मोबाइलवर शूटिंग करून ताडून बघायचं. पण प्रत्येक फटक्यानंतर नको, नाहीतर मुलं हाताला विचारायचंच सोडून देतात.

घरी सराव करून घ्यायचा असेल तर चेंडूशिवाय, हळू आणि अंगणात घ्या. डोळे मिटण्याआधी आसपास कोणी नाही ना, हे तुम्ही स्वतः बघा.