फुकटात सिनेमा

बाबा सांगलीहून आमच्याकडे बॉस्टनला आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी त्यांना कॉपली स्क्वेअरच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेलं. १८९५ची इमारत. दारावर 'फ्री टू ऑल' असं कोरलेलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "अनामत किती?"

"काही नाही, बाबा."

त्यांचा विश्वास बसला नाही. जिन्यातल्या संगमरवरी सिंहांकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. त्यांचा जीव अडकला तो शेजारच्या नव्या इमारतीतल्या डीव्हीडींच्या कपाटांत. जपानी, इराणी, इटालियन, शिवाय आपल्याकडचे बंगाली. क्रायटेरियन या जगभरचे नावाजलेले सिनेमे काढणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या चकत्या मला सगळ्यात प्रिय, कारण अनेकांवर सिनेमाच्या जोडीला जाणकारांचं समालोचनही असतं. ते ऐकत तोच सिनेमा पुन्हा पाहायचा, म्हणजे दिग्दर्शकाने कॅमेरा तिथेच का ठेवला ते कळतं. घरबसल्या बघायच्या ॲपवर हे क्वचितच मिळतं. शिवाय तिथला सिनेमा आज असतो, उद्या गायब. कपाटातली चकती तशी दगा देत नाही. (ओरखडे असतात, ते सोडा.)

हवी ती चकती घराजवळच्या शाखेत मागवता येते. परत करायला उशीर झाला तरी २०२१पासून दंड नाही.

बाबांनी सात डीव्हीडी उचलल्या. घरी आल्यावर लक्षात आलं, आमच्याकडे प्लेअरच नाही. माझ्या नव्या लॅपटॉपला चकतीची खाचच नव्हती. शेवटी शेजाऱ्यांचा जुना प्लेअर मागून आणला. रात्री दीडला बाबा म्हणाले, "अजून एक लाव गं."